पल्याड नसलेलं पाणी

दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते, "कसा व्हता वो समुद्र?" मी तोंडातली टाचणी काढून म्हणते, "मोठा होता." याहून जास्त सांगायला बसले तर त्या दिवशी एकही ब्लाऊज कापून व्हायचा नाही. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आरामासाठी गेलो होतो, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की आमच्या अंगात काही धाडस बिडस आहे. मलकापुरात माझं शिवणाचं दुकान, आणि चार गाळे सोडून आमच्या ह्यांचं मोटारी भरायचं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळायला ह्यांच्याकडं येतात. लग्नाची शिलाई संपली होती, माझी मान धरली होती, आणि शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली होती. हे म्हणाले, या खेपेला समुद्र पाहू. मी हो म्हटलं. मग म्हणाले, बाबांनाही नेऊ, त्यांनी कुठं पाहिलाय. तिथं माझं अडलं.

बाबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते. म्हणजे मनात म्हणते. वरवट बकालच्या पुढं वान नदीच्या काठाला आमचं शेत आणि घर. आत्याबाई, माझ्या सासूबाई, वारल्या तेव्हापासून मामाजी आमच्याकडं मलकापुरात राहतात. आणि आमच्या घरात सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. जेवायला बोलवायचं तर मी स्वयंपाकघरातून हवेत म्हणते, "ताट वाढलं हाय म्हना." ते भिंतीकडं पाहून म्हणतात, "आलो म्हना." हे 'म्हना' कोणाला, ते कोणी विचारत नाही. मुलगी घरात होती तोवर आमचे निरोप इकडून तिकडं नेत होती. आता ती अमरावतीला शिकायला आहे.

दुकानात मी गिऱ्हाइकाला आणि कापडवाल्याला जे ऐकवते ते ऐकून शेजारचा चहावाला कानावर हात ठेवतो. घरी आले की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. हे मला चिडवतात, तुझी तोफ उंबऱ्याच्या आत विझते कशी? ह्यांचं नावही मी घेत नाही, रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर कार्ड पुढं करते. वीसेक वर्षं अशीच गेली आणि खरं सांगते, मला त्याचा जाच नव्हता. ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याच्याशी वाजतही नाही. पण घरात चार भिंती असतात, दारं असतात. परक्या गावात, दोन खोल्यांत, तीन दिवस हे कसं निभायचं, याच काळजीत मी बॅग भरली.

शनिवार

रात्रीच्या गाडीनं कल्याण, तिथून भाड्याची गाडी, मग घाट. घाटात मला दोनदा ओकारी झाली, प्रवासाचं एवढं वर्णन पुरे. दुपारी दापोलीच्या खालच्या अंगाच्या एका लहानशा गावात उतरलो. सुपारीच्या वाडीत सुलभाकाकूंचं घर होतं आणि मागं पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. घरून निघालो तेव्हा थंडीनं दात वाजत होते, इथं गाडीतून उतरल्याबरोबर पाठ घामानं ओली झाली. काकू साठीच्या, सडसडीत, आणि बोलणं असं की वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू.

वाडी संपते तिथून वाळू लागते. आम्ही तिघं चपला हातात घेऊन निघालो, हे पुढं, मामाजी मध्ये, मी दहा हात मागं. मामाजी पाण्याच्या अलीकडं थांबले. कपाळाला हात लावून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"पल्याड कोनतं गाव हाय?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"पल्याड नाही बाबा. पल्याड डायरेक अरबस्तान."

"मंग दिसत काऊन नाही?"

"लय दूर हाय ना."

मामाजींना ते पटलं नाही. सगळं आयुष्य नदीच्या काठावर गेलं. ज्या पाण्याला समोरचा काठ नाही त्या पाण्याचं करायचं काय, असा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोक्याला लावलं, थोडं तोंडात घेतलं आणि थुंकलं. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं, आमच्या बोरचं पाणी चहालासुद्धा चालत नाही. "आपल्या बोरचं याहून जराक कमी हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

तेवढ्यात त्यांना खडक दिसला. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यात, काळ्या दगडांचं एक टेकाड होतं. वर थोडी हिरवळ आणि चुन्यानं रंगवलेली इवलीशी घुमटी. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, महादेव आहे, ओहोटीला चालत जाता येतं. मामाजींचा चेहरा उजळला. त्यांना एक पल्याड सापडला होता.

जेवणाला भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि ह्यांच्यासाठी कोळंबी. मामाजी माळकरी, त्यांनी पिठल्यावर भागवलं, पण भाताकडं पाहून भिंतीला म्हणाले, "भाकर नसंन काय?" काकू बिचाऱ्या उठून तांदळाच्या भाकऱ्या थापून आल्या. मामाजींनी ती पांढरीशुभ्र भाकर उलटसुलट करून पाहिली, खाल्ली आणि वर माझ्या डब्यातला ठेचा घेतला. ह्यांनी मात्र कोळंबीवर असा ताव मारला की काकूच म्हणाल्या, अहो बेतानं. तासाभरात ह्यांचे ओठ सुजले, मग डोळे, मग अंगभर गांधी उठल्या. काकूंनी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि गोळ्या दिल्या, म्हणाले, झोप येईल, येऊ द्या. हे असले दिसत होते की एरवी मी हसले असते. पण मी घाबरले होते.

भांडी आवरायला मी काकूंच्या हाताशी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचे सासरे घुमटीबद्दल विचारत होते. उद्या सकाळी जा हवं तर, पण भरती लागायच्या आत परत या हो. खडक दिसत राहतो आणि मधली वाट बुडते. माणूस फसतं."

मी खोलीत येऊन ह्यांना तसंच सांगितलं. "सांगतो बाबाले," हे सुजलेल्या ओठांनी म्हणाले आणि घोरायला लागले.

रविवार

पहाटे बाहेर आले तर मामाजींची खाट रिकामी. ह्यांना हलवून उठवलं. एक डोळा उघडेना, दुसरा जेमतेम. "तू जाय त्यायच्या मांगं," हे म्हणाले. "एकटे नोको जाऊ देऊ." माझा फोन काकूंच्या माजघरात चार्जिंगला लावलेला होता, घर बंद होतं, तसाच राहू दिला. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि कालच्या प्रवासातले भाजलेले शेंगदाणे होते. निघाले.

मामाजी वाळूवर बसले होते. पाण्याच्या काठाला त्यांनी सुरूची एक काडी रोवली होती आणि तिच्याकडं बघत होते. हे मी ओळखलं. वानला पूर आला की गावातली माणसं मामाजींकडं येतात. ते पाण्याच्या कडेला काडी रोवतात आणि नुसते बसतात. पाणी काडीला सोडून खाली गेलं की म्हणतात, "उतार लागला." मग बैलगाड्या निघतात, बाया माहेरी जातात, दूधवाले पलीकडं जातात. त्यांचा शब्द कधी खोटा पडला नाही, कारण उतार लागलेली नदी परत चढत नाही. चढलीच तर वरती कुठं तरी पाऊस झालेला असतो आणि ते आभाळात दिसतं.

बघता बघता काडी कोरड्यात आली. पाणी मागं, आणखी मागं गेलं. खडकापर्यंत ओल्या वाळूची आणि सपाट कातळाची वाट उघडी पडली. मामाजींनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ निळंभोर. ते उठले, धोतर झटकलं आणि चालायला लागले.

आता मला बोलायला हवं होतं. मी शाळेत भरती-ओहोटी शिकलेली, काल काकूंनी बजावलेलं, सगळं माहीत. मी पदर सावरला आणि समुद्राला उद्देशून म्हटलं, "काकू म्हनत व्हत्या, पानी परत येते म्हने."

मामाजी न थांबता समोरच्या खडकाला म्हणाले, "काडी लावली हाय आपून. उतार हाय."

झालं. यावर समुद्राला आणखी काय सांगणार? मी दहा हात मागून चालत राहिले. मनात म्हटलं, दर्शन घेतील आणि लगेच वळतील.

वाट सुरेख होती, हे कबूल करते. कातळात पाण्याची डबकी राहिली होती आणि त्यात बोटाएवढे मासे सैरावैरा पळत होते. किनाऱ्यालगत एक घळ होती, तिथं घोट्याएवढंच पाणी. खडकाला वरपर्यंत धारदार शिंपले चिकटलेले, त्यांनी माझ्या पायाला ओरखडा काढला. वर करवंदीची जाळी, वाळकं गवत आणि घुमटी.

मामाजी लगेच वळले नाहीत. त्यांनी पिंडीवरचा पालापाचोळा काढला, माझ्या बाटलीतलं थोडं पाणी ("पानी असंन तं ठेवा म्हना") वाहिलं, आणि घुमटीच्या सावलीत मांडी घालून बसले. आणि बोलायला लागले. महादेवाशी. पोरगा कसा आहे, सोयाबीन किती झालं, गुडघा कसा दुखतो. मग म्हणाले, "तिनं नाही पाह्यलं हे. घेऊन याले पाहिजे व्हतं तिले." मी पाठ फिरवून बसले होते. आत्याबाईंबद्दल बोलत होते, ते ऐकून मला रडू येत होतं, आणि अशा वेळी उठा म्हणायचं कसं ते कळेना.

पाणी समोरून येईल म्हणून मी समोर पाहत होते. समोर मोकळा समुद्र, लाटा जशाच्या तशा. एकदा सहज मागं पाहिलं तर किनाऱ्यालगतची ती घळ भरली होती. वाळूचा पट्टा दोन्ही बाजूंनी अरुंद झाला होता आणि पाणी मुळीच आवाज न करता आत सरकत होतं.

"पानी चढून राह्यलं," मी घुमटीला म्हटलं. पुन्हा म्हटलं, "पानी चढून राह्यलं म्हना!"

मामाजी उठून कडेला आले. पाहत राहिले. मग आभाळाकडं पाहिलं. आभाळात एक ढग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी पाण्यापेक्षा जास्त भ्याले. ज्या माणसाच्या शब्दावर गाव नदी ओलांडतं, त्याला समोरचं पाणी समजत नव्हतं.

"कंबरभर हाय," ते स्वतःशी म्हणाले आणि धोतर खोचलं. "जाता येते."

तेवढ्यात किनाऱ्यावर हे दिसले. काकू मागं, आणखी दोन-तीन माणसं. काकू दोन्ही हात वरून खाली, वरून खाली करत होत्या: बसा, बसा. एका माणसानं शेजारच्या होडीकडं हात केला तर दुसऱ्यानं मान हलवली. खडकाभोवती लाटा फुटत होत्या, होडी आपटून फुटली असती. आणि हे पाण्यात शिरले. आधी गुडघाभर, मग मांडीपर्यंत. अजून गोळीच्या गुंगीत असणार. ह्यांना पोहता येत नाही. नदीकाठी जन्मलेला एकुलता एक मुलगा, आत्याबाईंनी कधी पाण्याजवळ जाऊच दिलं नाही.

"पोराले पोहता येत नाही," मामाजी म्हणाले आणि खडकावरून उतरायला लागले. त्यांना आता मागं महादेव दिसत नव्हता, पाणी दिसत नव्हतं. पोरगा दिसत होता. खालच्या दगडावर त्यांचा पाय पडला, लाट आली आणि त्यांच्या मांड्यांवर आदळली. ते हलले. दुसरं पाऊल त्यांनी उचललं.

मी कशी उतरले ते आठवत नाही. गुडघे फुटले ते नंतर पाहिलं. मी त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, आणि किनाऱ्याकडं तोंड करून ओरडले.

"दिलीऽऽप! मांगं फिर! मांगं फिर म्हनते ना!"

लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडातून निघालं, तेही एकेरीत, त्यांच्या बापासमोर. हे जागच्या जागी थांबले. लाटांपेक्षा माझा आवाज मोठा होता, असं काकू मागाहून म्हणाल्या. त्या दोन माणसांनी ह्यांना दोन्ही दंडांना धरून मागं ओढलं.

"सोड," मामाजी म्हणाले. वीस वर्षांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"नाही सोडत."

"वानीचा पूर पोहून गेलो म्या. सोड म्हनतो ना!"

"हे वान नाही मामाजी! थे थांबले, पाहा तिकडं. काठावर गेले थे. तुमी गेले तं थे परत येतीन तुमच्या मांगं. दोघं बी जासान. मी एकटी घरी जाऊन पोरीले काय सांगू?"

त्यांनी हात हिसडला. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हातात अजून नांगराची ताकद. माझी पकड सुटता सुटता राहिली. मग दुसरी लाट आली, मोठी, आणि आम्ही दोघंही शिंपल्यांवर आपटलो.

"वरते चाला," मी म्हटलं. "चाला म्हनते ना! बसा वरते!"

ते वर आले. मी मनगट सोडलं नव्हतं.

त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही, आणि तोच काळ सगळ्यात वाईट गेला. मामाजी माझ्याकडं पाठ करून बसले. मी करवंदीच्या जाळीला टेकून. पाणी एकेक दगड गिळत वर येत होतं. मघाशी ज्या वाटेनं आम्ही आलो, जिथून ते जायला निघाले होते, तिथं आता हिरवंगार खोल पाणी हेलकावत होतं. ते कुठवर येणार हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. काकूंचे हात बसा म्हणत होते, पण त्यांना तिथून दिसतं तेवढं हे टेकाड उंच आहे का? फुटलेल्या लाटेचे शिंतोडे तोंडावर यायला लागले. मी मनात नवस बोलायला सुरुवात केली. आणि भीती फक्त पाण्याची नव्हती. मी त्यांचा हात धरला होता, त्यांच्यावर ओरडले होते, नवऱ्याला एकेरी बोलले होते. वाचलो तर पुढं काय, याचीही तेवढीच भीती वाटत होती.

मामाजींनी हात मागं टाकला आणि वाळकं गवत चाचपलं. एक काडी उपटून वास घेतला. मग करवंदीच्या मुळाशी वाकून बघितलं.

"गवत हाय इथं," ते म्हणाले. मी घुमटीकडं पाहिलं, तिला सांगतात की काय. पण ते माझ्याकडं पाहत होते. "खारं पानी इथवर येत असतं तं गवत राह्यलं नसतं. पूर कुठवर येते थे झाडं सांगतात. शिंपले पाय, थ्या दगडापर्यंत हायेत. त्याच्या वरते नाही येनार पानी."

"खरंच?" मी विचारलं.

"नाही येनार."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. मी ढसाढसा रडले. त्यांनी पाठ फिरवली नाही. पाणी शिंपल्यांच्या रेषेपर्यंत आलं, तिथं बराच वेळ रेंगाळलं, पण वर चढलं नाही.

दुपार तापली. मी पर्समधले शेंगदाणे काढून त्यांच्यापुढं ठेवले आणि नेहमीसारखी बाजूला सरले. आमच्यात सून सासऱ्यासमोर खात नाही. "खाय," ते म्हणाले. "तुले बी भूक लागली असंन." मग आम्ही दोघांनी एकाच कागदातले दाणे खाल्ले आणि उरलेलं पाणी घोट घोट प्यायलो. किनाऱ्यावर हे आणि काकू वाळूतच बसून होते. काकूंनी डोक्यावर ओलं फडकं घेतलं होतं. मधून मधून त्या हात वर करायच्या, मग मी करायची.

"तुह्या सासूच्या पोटात दुखे," मामाजी एकाएकी म्हणाले. "तिनं तुले सांगतलं व्हतं ना?"

"हाव."

"तुनं दिलीपले सांगतलं. दिलीपनं मले सांगतलं. तवा पेरनी चालू व्हती. थो म्हने, आईले जराक बरं नाही." ते थांबले. "जराक. दोन तोंडातून येता येता थे जराक झालं. आज केला तसा आवाज कोनी केला असता माह्यावर…"

मी दाण्यांच्या कागदाची घडी घातली. मग तेच म्हणाले, "नाही. तवा मी ऐकलं नसतं." आणि टोपी काढून तोंड पुसलं. समुद्राचे शिंतोडे तर केव्हाच थांबले होते.

उन्हं कलली तसं पाणी हटायला लागलं. मामाजींनी या वेळी काडी रोवली नाही. आम्ही दोघं नुसते बघत होतो. वाळूचा पट्टा आधी पाण्याखालून काळपट दिसला, मग वर आला आणि चमकायला लागला. सूर्य अगदी पाण्याला टेकला होता. ज्यासाठी लोक पैसे खर्चून तिथं जातात तो सूर्यास्त आमच्या पाठीमागं चालला होता आणि आमच्यापैकी कोणी वळून पाहिलं नाही.

काकूंनी दोन्ही हातांनी बोलावलं. मामाजी उठले, दोन दगड उतरले आणि थांबले. एरवी ते पुढं असतात, मी दहा हात मागं. मी त्यांच्या पुढं जाण्याची वाट पाहत राहिले. ते वळले.

"जावाचं काय आता?" त्यांनी मला विचारलं.

मी घळीतल्या पाण्याकडं पाहिलं. अजून ओढ दिसत होती. "थांबा जराक," मी म्हटलं.

ते थांबले. हात मागं बांधून, मी सांगेपर्यंत उभे राहिले. पाणी आणखी खाली गेलं, कातळ पूर्ण उघडा पडला.

"चाला. हात द्या."

त्यांनी दिला. शिंपल्यांवरून, शेवाळावरून, ओल्या वाळूवरून आम्ही हळूहळू आलो. किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता, सुट्टीला आलेले लोक फोन वर धरून उभे होते. माझा पदर केव्हाच डोक्यावरून गेला होता, केस मोकळे, गुडघ्यांना रक्त, आणि सासऱ्याचा हात हातात. आमच्या गावात हे कोणी पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. घळीत गुडघाभर पाणी होतं. तिथं हे पुढं आले. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी वडिलांकडं दोन्ही हात पसरले.

"द्या बाबा. मले द्या हात."

मामाजींनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"राहू दे बे," ते म्हणाले. "हिनं धरला हाय."